रविवारची सुटी आणि चंद्रावरची सफर



शनिवार-रविवार घरीं मोकळे मिळावे, पतिपत्नींनीं सकाळचा चहा घाई न करतां घ्यावा, दुपारीं थोडें वाचावें, थोडें लोळावें, आणि सायंकाळीं जोडीनें चित्रपटगृहांत जाऊन परग्रहावर निघालेल्या एखाद्या यानाची कथा पाहावी, हा क्रम आज शहरांतील पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांच्या अंगवळणीं पडला आहे. अंगवळणीं पडलेल्या गोष्टीलाहि इतिहास असतो, हें आपल्या ध्यानांत येत नाहीं. लढायांच्या व तहांच्या तारखा आम्हां शाळामास्तरांनीं मुलांकडून पिढ्यान्‌पिढ्या घोकून घेतल्या; पण रविवार आपल्याला कोणीं मिळवून दिला, हा प्रश्न परीक्षेच्या कागदावर आलेला माझ्या पाहण्यांत नाहीं. आज त्या सुटीची आणि त्या सुटींत पाहावयाच्या विज्ञानपटाची हकीकत मी एकत्र सांगणार आहें. दोन्ही एकत्र कां, तें पुढें आपोआप कळेल.

आपल्या जुन्या कालगणनेंत सात वार होते, पण त्यांतला एक विश्रांतीचा, असा नेम नव्हता. शेतकऱ्याला विसावा मिळे तो ऋतूच्या मानानें, आणि कारागिराला मिळे तो सणावारीं किंवा गांवच्या जत्रेला. १८५० नंतर मुंबईंत सुताच्या गिरण्या निघाल्या आणि ही जुनी घडी मोडली. यंत्राला अमावास्या नाहीं आणि एकादशीहि नाहीं. सूर्य उगवला कीं साचे सुरू व्हावयाचे आणि मावळला कीं थांबावयाचे. उन्हाळ्यांत दिवस मोठा म्हणून कामहि मोठें. आठवड्याची म्हणून सुटी नाहीं.

नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. १८८४ च्या सप्टेंबरांत त्यांनीं परळला गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपांच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. त्यांतल्या मागण्या मुद्दाम ऐकण्यासारख्या आहेत. दर रविवारीं सुटी असावी. दुपारीं अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळीं साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावें. महिन्याचा पगार निदान पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत हातीं पडावा. काम करतांना कोणी जायबंदी झाला तर त्याला कांहीं भरपाई मिळावी. अर्धा तास मिळावा म्हणून साडेपांच हजार माणसांनीं अर्ज करावा, यावरून त्यापूर्वीं काय असेल याचा अंदाज करावा. पुढें २४ एप्रिल १८९० रोजीं महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगारांची सभा भरली, तींत दोन स्त्री-कामगारांनींहि भाषणें केलीं. आणि त्या वर्षीं १० जूनला गिरणीमालकांच्या संघानें साप्ताहिक सुटी मान्य केली. पुढल्याच वर्षीं ती कारखाना कायद्यांत आली.

कित्येकांची समजूत अशी कीं, रविवारची सुटी इंग्रजांनीं त्यांच्या देवळाच्या सोयीसाठीं दिली आणि ती आपल्याला फुकट लाभली. सरकारी कचेऱ्यांपुरतें तें खरें आहे. गिरणीचा रविवार मात्र सहा वर्षें झगडून घ्यावा लागला. शिवाय रविवार हा खंडोबाचा वार. तेव्हां घाटावरून आलेल्या कामगाराला तो दिवस परका नव्हता. खुद्द इंग्लंडांतहि शनिवारची दुपार कोणी आपण होऊन दिली नाहीं. १८५० च्या कायद्यानें कापडगिरण्यांतल्या स्त्रिया व मुलें यांचें शनिवारचें काम दुपारीं दोनला थांबविलें, आणि बायका घरीं गेल्यावर गिरणी चालेना, म्हणून पुरुषांनाहि ती दुपार मिळाली. फ्रान्समध्यें सर्व कामकऱ्यांना आठवड्याची सुटी देणारा कायदा १९०६ सालीं झाला, तोहि एका कोळशाच्या खाणींत त्याच वर्षीं सुमारें अकराशें माणसें मेल्यानंतर. हा सगळा तपशील देत बसलों तर चंद्रावर जाण्यास उशीर होईल.

सुटी मिळाली, पण त्या दिवशीं करावयाचें काय? लोखंड्यांचा विजय झाला त्याला सहा वर्षें होतात न होतात तोंच, ७ जुलै १८९६ रोजीं, मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंच्या माणसानें हलत्या चित्रांचा खेळ केला. दर एक रुपया. पुढें तेच खेळ नॉव्हेल्टी नाटकगृहांत सुरू झाले, तेथें चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत दर होते, आणि गोषांतल्या स्त्रिया व त्यांची कुटुंबें यांच्यासाठीं निराळ्या बैठकी राखून ठेवल्या होत्या. मला ही गोष्ट लहान वाटत नाहीं. नवराबायकोनें जोडीनें घराबाहेर पडून करमणुकीला जाणें हें त्या काळीं आपल्या समाजांत धाडसाचेंच होतें. नव्या खेळाच्या चालकांना तें जोडपें पहिल्याच महिन्यांत दिसलें, तेंहि व्यापारी नजरेनें कां होईना.

आतां पॅरिसकडे वळूं. तेथें २८ डिसेंबर १८९५ रोजीं ल्युमिएर बंधूंनीं पैसे घेऊन पहिला खेळ केला, तेव्हां प्रेक्षकांत झॉर्झ मेलिएस नांवाचा एक जादूगार बसला होता. ल्युमिएरांना हलतें चित्र म्हणजे शास्त्राचें एक नवल वाटत होतें. मेलिएसला त्यांत आपल्या रंगभूमीची पुढली जादू दिसली. १९०२ सालीं त्यानें ‘चंद्रावरची सफर’ हा सुमारें चवदा मिनिटांचा मूकपट काढला. ज्यूल व्हर्न यांची १८६५ ची कादंबरी आणि वेल्स यांची १९०१ ची, या दोहोंतून त्यानें कल्पना घेतल्या. पंडितांची सभा भरते, प्रचंड तोफ ओतली जाते, गोळ्याच्या पोटांत सहा पंडित बसतात, आणि सुटलेला गोळा नेमका चंद्राच्या डोळ्यांत जाऊन रुततो. तेथले रहिवासी छत्रीचा तडाखा बसतांच धूर होऊन नाहींसे होतात. परत यावयाचें तर गोळा कड्यावरून खालीं ढकलला कीं झालें! शास्त्र म्हणून यांत कांहीं नाहीं, आणि मेलिएसनें तसा आवहि आणलेला नाहीं. हा चित्रपट विकला गेला तो मुख्यतः जत्रांतून खेळ करणाऱ्या तंबूवाल्यांना. रंगीत प्रती हव्या असत त्यांच्यासाठीं पॅरिसमध्यें एलिझाबेथ त्युइलिए या बाईच्या कारखान्यांत सुमारें दोनशें स्त्रिया बारीक कुंचल्यांनीं एकेक चित्र हातानें रंगवीत; एकीनें एकच रंग लावावयाचा आणि फीत पुढलीकडे द्यावयाची. लोकांच्या सुटीच्या दिवसाचे रंग असे कुणाच्या तरी कामाच्या दिवसांतून आलेले आहेत.

मेलिएसच्या चित्रांतून झान दाल्सी नांवाची नटी काम करीत असे. दैवाची गति अशी कीं, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्याचा धंदा बुडाला, आणि १९२३ सालीं त्यानें आपल्या मूळ फिती स्वतःच्या हातानें जाळल्या. पहिली पत्नी वारली होती. १९२५ सालीं त्यानें झान दाल्सीशीं लग्न केलें, आणि चंद्रावर जाऊन आलेला हा पंडित मोंपारनास स्टेशनांत पत्नीबरोबर खेळणीं आणि गोळ्या-मिठाई विकीत बसला. पुढें एका पत्रकारानें त्याला ओळखलें. १९३१ सालीं त्याला राष्ट्राचें सन्मानपदक मिळालें, तें लुई ल्युमिएर यांच्या हस्तें. १९३८ सालीं तो वारला. त्या सफरीची हातानें रंगविलेली एक प्रत १९९३ सालीं बार्सिलोनांत सांपडली आणि दुरुस्त होऊन २०११ सालीं कान येथें दाखविली गेली. झान दाल्सी १९५६ पर्यंत जगली. खेळण्यांच्या त्या दुकानांत शनिवारीं सायंकाळीं गाडी पकडण्यासाठीं धांवणारीं जोडपीं तिनें पाहिलीं असतील, त्यांतल्या कितीजणांना दुकानदार कोण हें ठाऊक होतें?

जत्रेंतला चंद्र शहाण्यासुरत्या शहरी माणसांच्या चित्रगृहांत आला तो जर्मनींत, बर्लिनला. पहिल्या महायुद्धानंतर, नोव्हेंबर १९१८ मध्यें, जर्मनींत आठ तासांचा दिवस ठरला. रविवारची सुटी तेथें १८९१ च्या कायद्यापासून होतीच. कारकून, दुकानांत काम करणाऱ्या मुली, टंकलेखक, टॅक्सीवाले असा नवा वर्ग शहरांत वाढला होता, आणि त्याच्या हातीं सायंकाळ व रविवार आले होते. इंग्रजांच्या ‘वीक-एंड’ या शब्दाचेंहि जर्मनांनीं भाषांतर करून घेतलें. हा वर्ग रविवारीं सकाळीं आगगाडीनें वानझे तलावावर पोहावयास जाई आणि सायंकाळीं चित्रपटाला.

अशा प्रेक्षकांसाठीं फ्रिट्झ लांग आणि थेआ फॉन हार्बू हें जोडपें चित्रपट करीत होतें. तो दिग्दर्शक, ती लेखिका. १९२२ सालीं त्यांचा विवाह झाला. १९२७ च्या जानेवारींत त्यांचा ‘मेट्रोपोलिस’ बर्लिनला झळकला. त्यांत भविष्यकाळांतलें एक नगर आहे. वरच्या मजल्यांवर धनिकांचे पुत्र बागांत खेळत आहेत, आणि जमिनीखालीं कामगारांच्या पाळ्या माना घालून यंत्रांकडे चालल्या आहेत. तेथलें पाळीचें घड्याळ दहा तासांचें आहे. एक मनुष्य प्रचंड तबकडीचे कांटे दोन्ही हातांनीं ओढीत अक्षरशः वेळेशीं झुंजत असतो. परळच्या अर्जाशीं हें दृश्य ताडून पाहावें. शेवटीं मालक आणि मुकादम यांचे हात मिळवून दिले आहेत, तें मात्र मला पटत नाहीं. पुढें खुद्द लांगलाहि तें पटेनासें झालें. वेल्स यांनीं तर सबंध चित्रपटावरच त्या वर्षीं सडकून टीका केली. चित्रपट चालला नाहीं, तो कापून लहान केला गेला, आणि गहाळ झालेला बराचसा भाग २००८ सालीं, तोहि कोठें, तर दूर ब्वेनोस आयरेसच्या एका संग्रहालयांत सांपडला.

त्याच जोडप्याचा पुढला विज्ञानपट म्हणजे ‘चंद्रावरील स्त्री’. १५ ऑक्टोबर १९२९ रोजीं बर्लिनच्या ‘ऊफा पालास्ट’ या भव्य चित्रगृहांत तो प्रथम लागला. न्यूयॉर्कच्या शेअरबाजाराची पडझड सुरू होण्यास तेव्हां नऊ दिवस होते, आणि त्यानंतर कित्येकांना सक्तीची सुटी मिळावयाची होती. या चित्रपटाचे शास्त्रीय सल्लागार हेर्मान ओबेर्ट होते. ते ट्रान्सिल्व्हानियांतल्या एका शाळेंत गणित व पदार्थविज्ञान शिकवीत. एका शाळामास्तराची ही कामगिरी सांगतांना मला थोडा अभिमान वाटला तर श्रोत्यांनीं क्षमा करावी. अग्निबाणानें अंतराळांत जातां येईल हें सांगणारा त्यांचा प्रबंध विद्यापीठानें स्वीकारला नाहीं, तेव्हां १९२३ सालीं त्यांनीं तो पुस्तक म्हणून छापला.

मेलिएसच्या तोफेंत आणि या अग्निबाणांत सत्तावीस वर्षांचें अंतर आहे, पण पाहणाराला तें शतकाचें वाटतें. येथें बाण उभाच्या उभा बाहेर आणतात आणि पाण्यांत ठेवून सोडतात. त्याचे टप्पे आहेत. एक जळून संपला कीं गळून पडतो आणि दुसरा पेटतो. उड्डाणाचा दाब सोसावा म्हणून प्रवासी बिछान्यावर आडवे होतात. वजन नाहींसें झाल्यावर तरंगून जाऊं नये म्हणून पायांसाठीं जमिनीला पट्टे लावलेले आहेत. आणि उड्डाणापूर्वीं उलटी गणती होते. ही गणती आज आपण इतकी गृहीत धरतों कीं ती एखाद्या शास्त्रज्ञानें काढली असेल असें वाटतें. पण चित्रपटांत ती आणली लांगनें, आणि कारण नाटकी होतें. त्याचा विचार असा कीं, एक, दोन, तीन असे मोजीत गेलें तर बाण केव्हां सुटणार हें प्रेक्षकाला कळत नाहीं. उलट मोजलें तर शून्य आलें कीं सुटणार हें सर्वांना ठाऊक असतें, आणि श्वास रोखला जातो. चुकाहि आहेत. या चित्रपटांतल्या चंद्राच्या पलीकडल्या बाजूस हवा आहे, आणि माणसें साध्या वेषांत हिंडतात. ओबेर्टांना हें कितपत रुचलें असेल कोण जाणे. पण मुखवट्यांतून प्रेमकथा दिसत नाहीं!

आणि प्रेमकथाच खरी लोकांना तेथें आणीत होती. नायिका फ्रीड ही ज्योतिषशास्त्राची विद्यार्थिनी. ती कुणाची तरी बायको म्हणून चंद्रावर जात नाहीं, आपल्या ज्ञानाच्या बळावर जाते. तिचा वाग्दत्त वर भितरा निघतो. शेवटीं प्राणवायू सर्वांना पुरणार नाहीं असें ठरतें. एकानें मागें राहिलें पाहिजे. नायक हेलिउस गुपचूप मागें राहतो, बाण उडून जातो, तो त्या ओसाड वाळूंत वळून पाहतो तों फ्रीडहि उतरून राहिलेली. बर्लिनच्या टंकलेखक मुलीला आणि तिच्या सोबत्याला आठवड्याच्या शेवटीं हें पाहून काय वाटलें असेल, त्याची कल्पना करण्यास फार विद्वत्ता नको.

त्याच शहरांत त्याच सुमारास कांहीं तरुणांनीं अगदीं निराळा चित्रपट केला. ‘रविवारचे लोक’ हें त्याचें नांव. ४ फेब्रुवारी १९३० रोजीं तो लागला. त्यांत काम करणारे एक टॅक्सीवाला, एक ग्रामोफोनच्या तबकड्या विकणारी मुलगी असे खरेखुरे कामकरी होते, आणि इतर दिवशीं त्यांची नोकरी असल्यामुळें चित्रण रविवारींच होत असे. त्यांत टॅक्सीवाला आणि त्याची जोडीदारीण शनिवारीं रात्रीं चित्रपटाला निघतात. टोपीची कड खालीं असावी कीं वर, यावरून भांडण होतें, भिंतीवरच्या नटनट्यांच्या तसबिरी फाडल्या जातात, चित्रपट राहतो तो राहतोच, आणि दुसऱ्या दिवशीं ती सबंध रविवार झोपून काढते. मंडळी वानझेवर मौज करून येतात. सोमवार उगवतो. सुटी म्हणजे काय, तें मला या चित्रपटानें जितकें कळलें तितकें चंद्रावरच्या कोणत्याहि सफरीनें कळलें नाहीं.

यानंतरची हकीकत सुखाची नाहीं. १९३३ सालीं लांग आणि हार्बू विभक्त झालीं. तो देश सोडून गेला, ती नाझी राजवटींत तेथेंच राहून लिहीत राहिली. तिच्या आयुष्यांत मग बेळगांवकडले आयी तेंडुलकर हे मराठी पत्रकार आले. ते बर्लिनला शिकत होते. त्या दोघांनीं गुप्तपणें विवाह केला, कारण तसा विवाह उघड करणें त्या राजवटींत तिला परवडणारें नव्हतें. महायुद्धापूर्वीं तेंडुलकर हिंदुस्थानांत परतले. चंद्रावरील स्त्रीची जन्मदात्री आणि एक बेळगांवकर यांची गांठ पडावी, हा योगायोग आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नाहीं.

ओबेर्टांनीं चित्रपटाच्या जाहिरातीसाठीं खरा अग्निबाण उडवून दाखविण्याचें कबूल केलें होतें, पण तो वेळेवर झाला नाहीं. मात्र त्या खटपटींतून जो खर्च व जी मंडळी जमली, त्यांतून १९३० सालीं बर्लिनबाहेर हौशी अग्निबाणवाल्यांचें मैदान उभें राहिलें, आणि तेथें अठरा वर्षांचा वेर्नहर फॉन ब्राउन येऊन मिळाला. दोन वर्षांत लष्करानें त्याला उचललें. ३ ऑक्टोबर १९४२ रोजीं पेनेम्यूंडच्या समुद्रकांठावरून त्यांचा मोठा बाण प्रथमच यशस्वी उडाला आणि सुमारें १९० किलोमीटरांवर पडला. त्या बाणाच्या अंगावर चंद्रकोरीवर बसलेल्या स्त्रीचें चित्र रंगविलें होतें, म्हणजे त्या कारागिरांच्या मनांतून त्यांचा तरुणपणींचा चित्रपट गेला नव्हता.

पुढल्या वर्षीं विमानहल्ल्यामुळें हा कारखाना हार्ट्‌झ पर्वतांतल्या बोगद्यांत हलविला आणि तेथें डोरा नांवाची छावणी उभी राहिली. रशियन, पोलिश, फ्रेंच असे सुमारें साठ हजार कैदी त्या छावण्यांतून गेले. त्यांतले सुमारें वीस हजार मेले. पहिले कित्येक महिने ते बोगद्यांतच काम करीत आणि बोगद्यांतच निजत. सूर्यप्रकाश आठवड्यांतून एकदां, हजेरीपुरता. त्यांच्या आठवड्याचा हिशेब असा होता. ८ सप्टेंबर १९४४ पासून ते बाण लंडनवर पडूं लागले. परंतु बाण पडून जितकीं माणसें मेलीं त्यांहून अधिक माणसें ते बनवितांना मेलीं, असें इतिहासकार सांगतात. रविवारच्या मोकळ्या सायंकाळीं पडद्यावर पाहिलेलें स्वप्न ज्यांच्याकडून लोखंडांत उतरवून घेतलें, त्यांच्याजवळ रविवारच नव्हता. ‘मेट्रोपोलिस’मधल्या जमिनीखालच्या पाळ्या १९२७ सालीं लोकांना अतिशयोक्तीच्या वाटल्या होत्या.

युद्धानंतर फॉन ब्राउन अमेरिकेंत गेले आणि त्यांच्याच देखरेखीखालीं चंद्रावर माणूस नेणारा ‘सॅटर्न’ तयार झाला. १६ जुलै १९६९ रोजीं तो उलटी गणती करूनच सुटला. पाहावयास पंचाहत्तर वर्षांचे ओबेर्ट स्वतः हजर होते. आर्मस्ट्राँग यांनीं चंद्रावर पाऊल ठेवलें तेव्हां ह्यूस्टनला २० जुलै, रविवारची रात्र होती, दहा वाजावयास चार मिनिटें कमी. आपल्याकडे सोमवार उजाडून सकाळचे आठ वाजून सव्वीस मिनिटें झालीं होतीं, आणि गिरणगांवांत सात वाजतांच सकाळची पाळी कामावर चढली होती.